घड्याळात ॲप घेताना काय काय झालं? बेळगाव सीमाभागातले अनुभव

टिळकवाडी, बेळगाव

आप्पा सत्तरीचे. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या आवारात फिरायला जातात. भावानं पुण्याहून पैसे पाठवले आणि त्यांना स्मार्टवॉच घेऊन दे म्हणाला. दुकानदारानं सांगितलं, "सगळी ॲप चालतात, अक्का." घरी येऊन बघते तर त्यात ॲप घ्यायची सोयच नाही. फोनवरचे मेसेज दिसतात, पावलं मोजली जातात, तबकडी बदलता येते, एवढंच. दीड-दोन हजारांच्या बहुतेक घड्याळांचं असंच असतं, हे मला नंतर कळलं. आता कोणी विचारलं तर मी सांगते, घड्याळाच्या स्वतःच्या पडद्यावर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअर आहे का ते दुकानातच उघडून दाखवायला लावा.

तुम्ही कुठली ॲप ठेवलीत, कुठली काढलीत, कुठं अडलात ते लिहा. आपल्या फोनात मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही नांदतात, त्याचंही सांगा.

निपाणी

माझं घड्याळ वेअर ओएसवर, म्हणजे गुगलच्या घड्याळासाठीच्या प्रणालीवर चालतं. फोनवर ॲप घेतलं की घड्याळात आपोआप येईल असं वाटायचं, आठवडाभर वाट बघितली. ती दोन वेगळी कामं आहेत. २०१७ पासून घड्याळ आपलं आपण प्ले स्टोअरमधून ॲप उतरवतं. फोनवरूनही पाठवता येतं: प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर आपल्या घड्याळाचं नाव दिसतं, ते निवडायचं. दोन्हीकडं गुगल खातं एकच पाहिजे. घड्याळ चार्जरवर ठेवून वायफाय जोडा, नुसत्या ब्लूटूथवर बारकं ॲपसुद्धा लई वेळ खातं.

पहिल्या महिन्यात मी वीसेक ॲप भरली. दुपारी कॉलेज सुटेपर्यंत बॅटरी बसायची. एकेक काढत गेलो तेव्हा कळलं की खरा चोर ॲप नव्हतंच. सेकंदाचा काटा आणि हवामान सतत दाखवणारी बाहेरून घेतलेली तबकडी होती. ती बदलली आणि आता रात्रीपर्यंत पुरतं. घड्याळाबरोबर आलेली काही ॲप निघत नाहीत, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवायची.

अथणीजवळ

माझ्याकडं स्वस्तातलंच हाय. मुलगीचा मेसेज मराठीत यायचा, वीजबिलाचा कन्नडात. घड्याळावर दोन्हींचे नुसते चौकोन दिसायचे. घड्याळाचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर मराठी दिसाय लागलं, कन्नड अजून न्हाई. त्या घड्याळात ती अक्षरंच भरलेली नसतात, आपण भाषा बदलून काय उपयोग न्हाई. घेताना आपल्या दोन्ही भाषांचे मेसेज पाठवून बगा.

दुसरं, उसाच्या फडात गेलो की तासाभरात मेसेज यायचे बंद. फोन बॅटरी वाचवायला घड्याळाचं ॲप मागं झोपवत होता. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीवरची बंधनं काढली आणि त्याला आपोआप सुरू व्हायची परवानगी दिली. तवापासून बरं चाललंय.

खानापूर तालुका, शिक्षिका

जांबोटीच्या पुढं माझी शाळा. रेंज कधी असते, कधी नसते. मी शाळेतून परतताना चालते, तेव्हा गाणी आणि नकाशा रविवारी घरच्या वायफायवर घड्याळात उतरवून ठेवते. किती चाललो हे मोजायला रेंज लागत नाही, जीपीएस उपग्रहाकडून संकेत घेतं. आकडे घड्याळात साठतात आणि फोन जवळ आला की त्यात जातात. हे माहीत नव्हतं तेव्हा रेंज नाही म्हणून मी पूर्ण पावसाळा घड्याळ घरीच ठेवलं होतं.

पावसाचंही सांगते. आमच्याकडं आगोट लागली की थेंबच पडदा दाबतात. एकदा त्यातून मुख्याध्यापकांना फोन लागला. पाण्याचं कुलूप लावायची सोय बऱ्याच घड्याळांत असते, छत्री उघडायच्या आधी ते लावायचं.

उद्यमबाग, बेळगाव

ॲपल वॉच वापरतो. आयफोनवर जे जे घेतलं त्याची घड्याळातली पिल्लं आपोआप यायची, पडद्यावरच्या ॲपच्या जाळीत बोट ठेवायला जागा नव्हती. फोनमधल्या वॉच ॲपमध्ये 'जनरल'खाली आपोआप घेण्याचा पर्याय आहे, तो बंद केला. सूचना बँकेच्या आणि घरच्या सोडून सगळ्या बंद. लेथवर उभं असताना मनगट थरथरलं की नजर हलते. मला ते नको.

संकेश्वर

आईचा अनुभव सांगते, कारण तो जिवाशी आहे. दादानं बेंगळूरहून आपला जुना आयफोन आणि ॲपल वॉच तिला दिलं. पडल्यावर मदत मागणारी सोय त्यात असते म्हणून आम्ही निर्धास्त. आई गोठ्यात घसरून पडली, घड्याळ गप्प. वय ५५ किंवा जास्त भरलेलं असेल तरच ती सोय आपोआप चालू होते, आणि आरोग्याच्या माहितीत जन्मतारीख दादाचीच राहिली होती. तारीख बदलली आणि सोय स्वतः उघडून चालू केली. आपत्कालीन संपर्कात आता शेजारच्या काकींचा नंबर आहे, कारण दादा यायला रात्र जाते. आमच्या घड्याळात सिम नाही, त्यामुळं फोन जवळ हवा. आईच्या परकराला खिसा शिवून घेतला.

ईसीजी ॲपवर मात्र विसंबू नका. ते ठोक्यांचा ताल बघतं, हार्ट अटॅक ओळखत नाही, कंपनी स्वतःच तसं सांगते. छातीत दुखलं तर घड्याळ न बघता दवाखाना गाठा.

कारवार

थोडक्यात लिहितो. जुनं ॲपल वॉच एका ओळखीच्याकडून घेतलं. आतली सगळी माहिती पुसून चालू केलं तर आधीच्या मालकाचा पासवर्ड मागतं. पुसल्यानं कुलूप जात नाही. विकणाऱ्यानं आपल्या फोनवरून जोडणी तोडूनच घड्याळ द्यायला हवं होतं. फोन केला, माणूस भला. पणजीत बसल्या बसल्या त्यानं आपल्या आयक्लाऊडमधून, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्यातून, घड्याळ काढून टाकलं आणि संध्याकाळी माझ्या फोनला जोडलं गेलं. पैसे आता ते समोर झाल्यावरच देतो.