‘लिमिटेड’ म्हणजे ‘कमी’ नव्हे!

काठावरचा

परवा ‘सोपं मराठी लिहा’ असा एक धागा आला. लेखकाने ठामपणे सांगून टाकलंय की इंग्रजीतल्या ‘लिमिटेड’ला मराठीत सरळ ‘कमी’ किंवा ‘अपुरं’ म्हणा, ‘मर्यादित’ हा सरकारी छापाचा शब्द टाकून द्या. खाली ‘सहमत’, ‘सहमत’ अशी रांग लागली आहे. मला दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

लिमिटेड म्हणजे हद्द आखलेलं. मूळ लॅटिन शब्द ‘लिमेस’, म्हणजे दोन शेतांमधला बांध. बांध घातला म्हणून शेत लहान होत नाही, ते कुठे संपतं एवढंच कळतं.

लिमिटेड कंपनी घ्या. त्या कंपनीत कमी काय आहे? मर्यादा कंपनीला नाहीच, भागधारकाच्या देण्याला आहे. कंपनी बुडाली तर त्याचे शेअरमध्ये घातलेले पैसे जातात, शेअरपोटी काही भरायचं राहिलं असेल तर तेवढं जातं, पण घरदार जात नाही. इंग्लंडमध्ये 1855 साली हा कायदा झाला तेव्हाच अट होती की कंपनीच्या नावाचा शेवटचा शब्द ‘लिमिटेड’ हवा. उधार देणाऱ्याला नाव वाचतानाच समजावं की वसुलीची हद्द इथपर्यंतच आहे.

अमेरिकेत जलद गाड्यांना लिमिटेड म्हणायचे. 1902 साली न्यूयॉर्क ते शिकागो सुरू झालेल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेडचा केवढा रुबाब होता! थांबे मोजके, म्हणून वेग जास्त. तिथे ‘लिमिटेड’ हा मानाचा शब्द होता. लिमिटेड एडिशनमध्येही किती प्रती छापायच्या ते आधीच ठरलेलं असतं, आणि म्हणूनच लोक ती जपून ठेवतात.

दर वेळी विचारायला हवं, हद्द कशाला आणि कुणी घातली? ते न विचारता ‘कमी’ लिहून मोकळं होणं म्हणजे भाषांतर नव्हे.

सरळसोट

तो धागा माझा आहे, तेव्हा उत्तर मीच देतो.

तुम्ही सोयीची उदाहरणं उचललीत. लिमिटेड नॉलेज, लिमिटेड सक्सेस, लिमिटेड मीन्स (म्हणजे जेमतेम ऐपत) यांचं काय करणार? ‘त्याचे ज्ञान मर्यादित आहे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काय कळतं? त्याला फारसं येत नाही, एवढंच. मग तसंच लिहा ना! ‘मोहिमेला मर्यादित यश मिळाले’ या वाक्यात यशाला बांध कुणी घातला?

आणि एक साधी कसोटी सांगतो. इंग्रजीत ‘व्हेरी लिमिटेड’ सर्रास म्हणतात. बांध एक तर असतो किंवा नसतो, ‘फार बांध’ असं काही नसतं. ज्या अर्थी ‘फार’ लावता येतं, त्या अर्थी शब्द ‘कमी’च्या अर्थाने चालतोय. वीस वर्षं भाषांतरं करतोय. शब्दाचं कूळ सांगून वाचकाचं पोट भरत नाही.

षटकवेडा

काठावरचा यांना पूर्ण पाठिंबा. मराठी समालोचनात आपण ‘मर्यादित षटकांचा सामना’ म्हणतो, ‘कमी षटकांचा’ कधीच नाही. पाऊस पडून षटकं कापली की मग ‘षटकं कमी केली’ म्हणतो. दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत आणि ते शाळकरी पोरालाही कळतात.

पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना 5 जानेवारी 1971 ला मेलबर्नला झाला. कसोटीचे पहिले तीन दिवस पावसात गेले म्हणून तो खेळवला. षटकं 40, पण तेव्हा तिथे आठ चेंडूंचं षटक. म्हणजे एका डावात 320 चेंडू. आजच्या 50 षटकांत 300 होतात. सांगा, कमी कुठलं?

सरळसोट

पाच दिवसांच्या कसोटीपेक्षा कमी, म्हणूनच तर ते नाव पडलं.

दवबिंदू

दोघांनाही एक मराठी शब्द सुचवते, ‘बेताचं’. परिस्थिती बेताची, उंची बेताची. लिमिटेड मीन्सला याहून नेमका शब्द नाही. शिंपी कापड बेततो, म्हणजे माप घेऊन कापतो. ‘बेताचं’ म्हणजे मापात बसवलेलं, आणि तरी आज कुणाची बुद्धी बेताची म्हटलं तर ती कमीच असते. म्हणजे मापाच्या शब्दाचा उणेपणाचा शब्द होणं हे इंग्रजीतच झालं असं नाही.

‘मर्यादित’वर मात्र माझा वेगळाच राग आहे. मुलींनी मर्यादेत राहावं, मर्यादा सोडू नये, हे ऐकत मोठी झाले. त्या शब्दाला असा वास आहे, जो लिमिटेडला नाही. मला तो लिहवत नाही.

हिशेबनीस

कंपनीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. काठावरचा लिहितात, ‘घरदार जात नाही’. माझं जाता जाता राहिलं.

आम्ही दोघा भागीदारांनी प्रायव्हेट लिमिटेड काढली. सगळ्यांनी सांगितलं, आता निर्धास्त राहा, कंपनी वेगळी आणि तुम्ही वेगळे. कर्ज घेताना समोर कागदांचा गठ्ठा आला. जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे सह्या केल्या. त्यात एक कागद वैयक्तिक हमीचा होता, म्हणजे कंपनीने कर्ज फेडलं नाही तर ते मी फेडायचं. धंदा तिसऱ्या वर्षी बसला आणि नोटीस माझ्या घरच्या पत्त्यावर, माझ्या नावाने आली. कंपनीचं नाव होतं, पण खाली दुसऱ्या ओळीत. बायकोने पाकीट फोडलं. ती एवढंच म्हणाली, ‘लिमिटेड होती ना?’

तेव्हा लिमिटेड म्हणजे आखलेली हद्द वगैरे मला सांगू नका. हमीवर सही घेतली की तो बांध पुसला जातो, नाव मात्र तसंच राहतं.

काठावरचा

तुमच्यावर आलं ते वाईटच. पण शब्द खोटा ठरत नाही. तुमची देणी दोन होती. भागधारक म्हणून देण्याला हद्द होती आणि ती पाळली गेली. हमीदार म्हणून तुम्ही वेगळा करार केलात, त्याला ती लागू नव्हती. 1896 साली सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, हेच ठरवलं की कंपनी ही मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, जवळजवळ सगळे शेअर त्याच्या एकट्याचे असले तरी.

हिशेबनीस

खटला मलाही माहीत आहे, तोवर वकिलाकडे पुरेशा चकरा झाल्या होत्या. सॉलोमन वाचला कारण त्याने हमी दिली नव्हती. छोट्या कंपनीला हमीशिवाय कर्ज देणारा दाखवा! मोठ्या कंपनीच्या भागधारकाकडे कुणी हमी मागत नाही. म्हणजे हद्द ज्याला परवडते त्यालाच मिळते. ही फसवणूक शब्दातूनच सुरू होते.

षटकवेडा

धागा शब्दावर आहे, कर्जावर नाही.

हिशेबनीस

शब्दावरच बोलतोय. तुमच्यासाठी शब्द म्हणजे खेळ असेल. मी त्या शब्दावर विसंबून सही केली.

तिरपी रेघ

हिशेबनीस, मीही संचालक म्हणून अशीच सही केली आहे आणि आज हे वाचून कपाट उघडलं. माझ्या हमीपत्रात एक रक्कम लिहिलेली आहे, त्यापुढे माझ्यावर काही येणार नाही. त्याला ‘लिमिटेड गॅरंटी’ म्हणतात. तुमची बहुधा अनलिमिटेड होती. एक ‘अन’ लागला की काय होतं ते बघा. सही करण्याआधी आकडा आहे का एवढं तरी सगळ्यांनी बघा.

हिशेबनीस

आकडा नव्हता. कुणी सांगितलंही नाही की असा आकडा घालून मागता येतो. आज कळतंय.

सरळसोट

अर्ध्याहून जास्त प्रतिसाद कर्जावर गेले. मूळ मुद्दा असा की सामान्य वाचक ‘लिमिटेड’ म्हणजे ‘थोडं’ असंच घेतो. काठावरचा यांच्यासारखे लोक शब्दांचा कीस पाडत बसतात म्हणून मराठीत साधं पत्रक वाचवत नाही. हा पांडित्याचा हट्ट आहे, बाकी काही नाही.

काठावरचा

पांडित्य? आता सांगतोच. लिहिणार नव्हतो.

वडिलांना फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकारचा कॅन्सर निघाला. रिपोर्ट इंग्रजीत होता. आईला इंग्रजी जेमतेम अक्षरं लावण्यापुरतं येतं. मी गावाला गेलो होतो, घरी तीच होती. तिने शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला अर्थ विचारला. ओळ होती ‘लिमिटेड स्टेज’. तो म्हणाला, काकू, लिमिटेड म्हणजे कमी, थोडं. तिने त्याचा अर्थ लावला की आता थोडेच दिवस उरलेत. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तोवर तिने कुणाला कळू न देता वडिलांची कपडे-कागदपत्रं वेगळी काढून ठेवली होती. धोतराच्या घड्या घालून त्यांवर पासबुकं.

या कॅन्सरचे दोनच टप्पे धरायची जुनी पद्धत आहे, लिमिटेड आणि एक्स्टेन्सिव्ह. लिमिटेड म्हणजे आजार छातीच्या एकाच बाजूला आहे, किरणांच्या एका पट्ट्यात सामावेल एवढा, लांब पसरलेला नाही. त्या दोन शब्दांतला तो चांगला शब्द होता! केमोसोबत किरणोपचार द्यायचे, पूर्ण बरं करायच्या उद्देशाने द्यायचे, ही शक्यता त्याच शब्दामुळे उघडी होती. आणि आईने अख्खी रात्र उलट्या अर्थाने काढली.

म्हणून ‘कमी म्हणा’ वाचलं आणि राहवलं नाही.

दवबिंदू

काय बोलू. बाबा कसे आहेत?

काठावरचा

उपचार झाले. नंतर दोन वर्षं आणि काही महिने होते. शेवटच्या दिवाळीत स्वतःच्या हाताने आकाशकंदील लावला.

सरळसोट

‘पांडित्याचा हट्ट’ हे शब्द मागे घेतो. रिपोर्टात ‘कमी’ लिहिणं चूक, कराराच्या कागदात चूक, षटकांच्या बाबतीतही चूक. एवढं मान्य.

पण मुद्दा सोडत नाही. त्या मुलाने अर्थ मनाने रचला नाही. जिथे तिथे लिमिटेड ‘थोडं’ याच अर्थाने वाचलं म्हणून त्याला तेच सुचलं. आणि समजा त्याने कोशातला शब्द वापरून ‘मर्यादित अवस्था’ सांगितलं असतं, तर तुमच्या आईला काय कळलं असतं? तिची रात्र तशीच गेली असती. तुमचा ‘मर्यादित’ही तिथे उपयोगाचा नव्हता.

काठावरचा

हे खरं आहे. हे मी कबूल करतो, आवडत नसलं तरी. मी दुपारी पोचल्यावर तिला ‘मर्यादित’ हाच शब्द सांगितला होता. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

दवबिंदू

मग तिला कळलं कसं?

काठावरचा

संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात दिला. त्यांनी ना ‘लिमिटेड’ म्हटलं, ना ‘मर्यादित’. ते म्हणाले, ‘आजी, आजार एका बाजूपुरता आहे.’

तिने दोनदा विचारलं, ‘बाजूपुरताच ना?’ मग फोन माझ्याकडे दिला आणि पासबुकं उचलून परत कपाटात ठेवायला गेली.

सरळसोट

‘पुरता’. हा मला वीस वर्षांत सुचला नव्हता. माझ्या धाग्यात दुरुस्ती करतो. ‘लिमिटेड टू’ असेल तिथे ‘-पुरता’. ‘मर्यादित यश’ मात्र अजूनही ‘बेताचं यश’च लिहीन.

हिशेबनीस

तिरपी रेघ, त्या हमीपत्रात आकडा नेमका कुठल्या कलमात असतो? माझ्या मुलीसमोर आता तसलाच कागद आला आहे. अजून सही केलेली नाही.