मदत हवी आहे: अंबरमधली मधमाशी खरी का बनावट? अर्जंट

रंकाळावेस_पोरगा: माझ्याकडं अंबरचा, म्हणजे झाडाची राळ दगड होऊन बनलेला, खडा आलाय, आत मधमाशी. देणारा म्हणतोय प्रोप्लेबिया, नामशेष प्रजाती, दीड-दोन कोटी वर्षं जुनी. शनिवारी भाचीच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचाय आणि खोटी वस्तू मला तिथं ठेवायची नाही. गुजरीत सराफांना विचारलं तर आम्ही सोनं बघतो म्हणाले. लवकर सांगा.

जुना_सराफ: सुई लाल करून टोचा. राळेचा वास आला तर खरा, प्लॅस्टिकचा आला तर खोटा.

शाहूपुरीकर: सुई नको हो, कायमचा डाग पडतो! खडा कुठला? प्रोप्लेबिया डॉमिनिकन आणि मेक्सिकन अंबरमध्ये सापडते, बाल्टिकमध्ये इलेक्ट्रापिस वगैरे वेगळ्या. आणि माशी केवढी आहे?

रंकाळावेस_पोरगा: मोठी आहे, एकदम मधोमध, पंख पसरलेले. टेस्ट सांगा ना.

राधानगरी_मध: आमच्या जुन्या भिंतीत पोयाच्या माशा हायत, डंख मारत नाहीत, फटीच्या तोंडाला मेण-राळेची नळी करत्यात, मध जरा आंबट लागतोय. कुणाला पाहिजे असला तर सांगा.

शाहूपुरीकर: प्रोप्लेबिया याच गोतावळ्यातली की! राळ गोळा करायला जायच्या आणि तिथंच चिकटायच्या म्हणून तर एवढ्या सापडतात, काहींच्या मागच्या पायाला राळेचा गोळा अजून दिसतो. 2007 साली तर एकीच्या पाठीवर ऑर्किडचे पराग सापडल्याचं छापून आलेलं.

पन्हाळा_भटक्या: कोमट पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, खडा टाका. काच, बेकेलाइट बुडतं, अंबर तरंगतं.

शाहूपुरीकर: कोपल, म्हणजे अजून अंबर न झालेली कोवळी राळ, तो पण तरंगतो. नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब कडेला लावा, चिकट झाला तर कोपल.

पन्हाळा_भटक्या: सरसकट नका सांगू. सुरतजवळच्या वस्तान खाणीतलं अंबर पाच कोटी वर्षांचं आहे, तरी ते सॉल्व्हंटमध्ये विरघळतं.

गृहिणी_राजारामपुरी: पुष्कराजाऐवजी अंबर चालतं का?

रंकाळावेस_पोरगा: तरंगला! थेंबानं काही झालं नाही. माशी पट्टीवर 12 मिलिमीटर भरली.

शाहूपुरीकर: मग प्रोप्लेबिया नाही भावा, तिच्या कामकरी माशा तांदळाच्या दाण्यापेक्षा बारक्या असतात. आणि काही प्लॅस्टिकही मिठाच्या पाण्यात तरंगतं, मधोमध पंख पसरलेली एवढी मोठी माशी म्हणजे मला शंकाच येते. प्रोप्लेबियाची पाटी लावू नका, आणि भिंगातून मागच्या पायाचा फोटो काढून टाका इथं, खडा कुठून आला तेही सांगा, तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.