मदत हवी आहे: सासूबाईंच्या जुन्या फोनमधील भजनांची ध्वनिमुद्रणे आणि व्हॉट्सॲप नव्या फोनमध्ये नेताना क्रम काय ठेवावा?

नमस्कार. माझ्या सासूबाई ठाण्याला नौपाड्यात राहतात. त्या एका भजनी मंडळात पेटीची साथ करतात आणि मंडळात नव्याने येणाऱ्या बायकांना अभंगांच्या चाली शिकवतात. त्यांचा फोन २०१८ सालचा, अँड्रॉइड ८.१ चा आहे. त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही आणि चार्जिंगची खाच इतकी सैल झाली आहे की वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग सुरू राहते. नवा फोनही अँड्रॉइडच आहे. तो खोक्यातून काढला आहे, पण अजून चालू करून त्यात गूगल खाते वगैरे काहीही घातलेले नाही. आधी विचारावे आणि मग हात घालावा, असे ठरवले आहे.

फोटोंची मला चिंता नाही. ते गूगल फोटोजमध्ये वेळोवेळी चढलेले आहेत आणि नव्या फोनमध्ये त्याच खात्याने लॉगिन केले की दिसतील. खरी अडचण आवाजाची आहे. सासूबाईंनी फोनमधल्या रेकॉर्डरवर वर्षानुवर्षे चाली मुद्रित करून ठेवल्या आहेत आणि प्रत्येक मुद्रणाला अभंगाच्या पहिल्या शब्दांचे नाव देवनागरीत दिले आहे. मंडळातील दोन वयस्क सदस्यांच्या चाली तर फक्त त्यांच्याच आवाजात आहेत आणि त्या लिहून काढणे कोणाला जमलेले नाही. म्हणून ही मुद्रणे नावांसकट सुखरूप जाणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

हे सारे एका मेमरी कार्डावर आहे, आणि तिथेच मी अडले आहे. सरळ कार्ड काढून लॅपटॉपला लावावे असा माझा विचार होता, परंतु लॅपटॉपने ते ओळखले नाही आणि फॉरमॅट करायचे का, असे विचारले. मी अर्थातच नाही म्हटले आणि कार्ड परत फोनमध्ये बसवले. तिथे सर्व मुद्रणे पूर्वीसारखी दिसतात आणि वाजतातही. सेटिंग्जमध्ये पाहिले तेव्हा कार्डाच्या नावापुढे ते अंतर्गत साठवणुकीचा भाग असल्याचे लिहिलेले आढळले. फोनची स्वतःची जागा ३२ जीबीच असल्याने घेतेवेळी कोणीतरी तसे करून दिले असावे. नव्या फोनला कार्डाची खाचच नाही, त्यामुळे कार्ड इकडून काढून तिकडे घालण्याचा मार्गही बंद आहे.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. मंडळाच्या गटात सरावाचे ध्वनिसंदेश येतात आणि त्यांपैकी कोणता संदेश कोणाचा आहे, हे गटातल्या संभाषणावरूनच कळते. फाईल मॅनेजरमधून पाहिल्यास व्हॉइस नोट्सच्या फोल्डरमध्ये वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांची उपफोल्डरे आहेत. आत फाईलच्या नावात तारीख व क्रमांक आहे, पाठवणाऱ्याचे नाव नाही. म्हणजे नुसत्या फाइली उचलल्या तर आवाज मिळतील, पण कोण गाते आहे ते हरवेल. व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जात नाही, कारण त्यांच्या खात्याची १५ जीबी जागा भरली आहे. पूर्वी हा बॅकअप त्या जागेत मोजला जात नसे, २०२४ पासून तो मोजला जाऊ लागला, आणि तेव्हापासूनच तो अडकला असावा. महिन्याला पैसे भरून जागा विकत घेण्याची सासूबाईंची तयारी नाही, आणि मलाही एका हस्तांतरणासाठी ते पटत नाही.

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात चौकशी केली होती. लॉकचा पॅटर्न कागदावर लिहून द्या, दोन्ही फोन ठेवून जा आणि संध्याकाळी घेऊन जा, असे सांगण्यात आले. शिवाय नवे सिमकार्ड काढून घ्या म्हणजे काम सोपे होईल, असाही सल्ला मिळाला. ज्या फोनमध्ये निवृत्तिवेतनाचे खाते आणि यूपीआय आहे, तो उघड्या पॅटर्नसह दिवसभर कोणाच्या हवाली करणे मला मुळीच योग्य वाटत नाही. काम मी ऐरोलीला आमच्या घरी, माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर, स्वतःच करणार आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: कार्डावरील मुद्रणे बाहेर कशी काढावीत, व्हॉट्सॲप ड्राइव्हविना कसे न्यावे, आणि या दोन्हींच्या मागेपुढे सिम, यूपीआय व संपर्क यांचा क्रम कसा लावावा?

प्रतिसाद: खाडीपल्याड

सर्वप्रथम, कार्ड पुन्हा बाहेर काढू नका आणि तो फोन रिसेट तर मुळीच करू नका. अँड्रॉइड ६ पासून कार्ड अंतर्गत साठवणूक म्हणून जोडण्याची सोय आली. तसे जोडलेले कार्ड कूटबद्ध होते आणि त्याची किल्ली त्या फोनमध्येच राहते. म्हणून लॅपटॉपला ते कोरे वाटले. फोन रिसेट केला की किल्ली जाते, आणि मग ते कार्ड कोणत्याही यंत्रात वाचता येत नाही. उलट कार्ड फोनमध्ये असताना फोन स्वतःच ते उलगडून दाखवतो, त्यामुळे फोन वायरने लॅपटॉपला जोडून फाईल ट्रान्सफर हा पर्याय निवडला की सर्व फाइली नेहमीसारख्या दिसतील आणि कॉपी करता येतील.

तुमच्या खाचेची अवस्था पाहता मात्र वायरवर विसंबू नये असे माझे मत आहे. कॉपी सुरू असताना वायर क्षणभर जरी हलली तरी काम मधेच तुटते आणि अर्धवट फाईल पूर्ण असल्यासारखी फोल्डरमध्ये बसून राहते. वायर वापरावीच लागली तर थोड्या थोड्या फाइली न्या. त्यापेक्षा वायरविना फाइली पाठवणारे गूगलचे क्विक शेअर लॅपटॉपवर बसवा. ते विंडोज १० आणि ११ वर चालते आणि तुमच्या जुन्या अँड्रॉइडवरही चालते, फक्त बॅटरी टिकावी म्हणून फोन एका जागी चार्जिंगला ठेवून त्याला हात लावू नका. सगळे एकत्र बांधून झिप करण्याचा मोह टाळा. देवनागरी नावांच्या फाइली काही झिप प्रोग्रॅममधून बाहेर येताना प्रश्नचिन्हांची माळ होऊन येतात, आणि तुमच्या बाबतीत नाव हाच अर्धा ऐवज आहे.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडील फोल्डरमधील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा, आणि काही मुद्रणे शेवटपर्यंत ऐका. नुसती सुरुवात वाजली म्हणजे फाईल पूर्ण आहे असे होत नाही. आणखी एक गोष्ट आधी तपासा: काही रेकॉर्डर ॲप तुम्ही दिलेले नाव फक्त आपल्या यादीत ठेवतात आणि मूळ फाईलचे नाव तारखेचेच राहते. फाईल मॅनेजरमध्ये तीच नावे दिसत असतील तर प्रश्न नाही. दिसत नसतील तर त्या रेकॉर्डरमधून एकेक मुद्रण शेअर करताना कोणते नाव बाहेर पडते, ते पाहावे लागेल.

व्हॉट्सॲपसाठी ड्राइव्हची गरजच नाही. २०२३ पासून एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर संभाषणे थेट नेता येतात. जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट्स आणि तेथून चॅट ट्रान्सफर उघडायचे. नव्या फोनवर व्हॉट्सॲप बसवून त्याच क्रमांकाची पडताळणी करायची आणि नव्या पडद्यावर आलेला क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन करायचा. दोन्ही फोनचे वायफाय आणि लोकेशन चालू हवे. यात मेख एकच आहे: नव्या फोनवर व्हॉट्सॲप आधीच सुरू करून ठेवू नका, कारण हा पर्याय प्रथम नोंदणीच्या वेळीच येतो. तुम्ही फोन अजून कोरा ठेवला आहे, हे फार चांगले झाले.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. फाईल मॅनेजरमध्ये पाहिले, अभंगांची नावे फाइलींनाच आहेत. आता एक शंका: नवा फोन प्रथम चालू करताना जुन्या फोनवरून ॲप्स आणि डेटा कॉपी करण्याबद्दल विचारतो, तो पर्याय घ्यावा की टाळावा? आणि संपर्कांपैकी काही गूगल खात्यात, काही फोनमध्ये आणि काही सिमवर आहेत. सिमवरची देवनागरी नावे अर्ध्यावर तुटलेली दिसतात, ती तशीच राहणार का?

प्रतिसाद: येऊरची वाट

कॉपीचा पर्याय घ्यायला हरकत नाही. त्यातून ॲप्सची यादी, संदेश, कॉलची नोंद आणि संपर्क येतात. मात्र ॲपच्या आतला मजकूर येईलच असे धरून चालू नका, बँकांची ॲप तर पुन्हा नोंदणी मागतातच. व्हॉट्सॲप आणि मुद्रणे वर सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणेच न्यावीत, आणि मुद्रणे लॅपटॉपवर आल्याची खात्री होईपर्यंत नव्या फोनचे बटण दाबू नये.

सिमवरील नावांचे कारण जुनेच आहे. सिमकार्डावर नावाला मोजकीच जागा असते आणि देवनागरी अक्षरांना रोमन अक्षरांच्या दुप्पट जागा लागते, त्यामुळे निम्मे नाव कापले जाते. कापलेला भाग सिमवर नसतोच, तो परत येणार नाही. तेव्हा सासूबाईंना शेजारी बसवून तेवढी नावे हाताने दुरुस्त करा आणि सर्व संपर्क गूगल खात्यात हलवा. खबरदारी म्हणून सर्व संपर्क एकत्र साठवणारी व्हीसीएफ फाईलही लॅपटॉपवर ठेवा.

सिम सर्वांत शेवटी हलवा आणि आहे तेच वापरा. नवे सिम काढण्याचा दुकानदाराचा सल्ला ऐकू नका. सिम बदलले की सुरक्षेच्या नियमानुसार पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. मग ना व्हॉट्सॲपचा पडताळणी क्रमांक येईल, ना बँकेचा. यूपीआयच्या नोंदणीत फोन त्याच सिमवरून एक एसएमएस पाठवतो, म्हणून बँकेशी जोडलेले सिम नव्या फोनमध्ये असणे आणि त्यात एसएमएसपुरती शिल्लक असणे आवश्यक आहे. यूपीआयचा पिन बदलावा लागत नाही, कारण तो फोनशी नव्हे तर खात्याशी जोडलेला असतो. मात्र फोन बदलल्यावर साधारणतः पहिल्या दिवशी बँका रकमेची मर्यादा कमी ठेवतात. त्यामुळे औषधांचे किंवा विजेचे मोठे देयक त्याच दिवशी भरायचे ठेवू नका. सासूबाई आधारचे एमआधार ॲप वापरत असतील तर ते एका वेळी एकाच फोनवर चालते, नव्या फोनमध्ये ओळख पुन्हा जोडावी लागेल.

धागाकर्ती

सांगितलेल्या क्रमाने केले. क्विक शेअरने सर्व मुद्रणे लॅपटॉपवर आली, संख्या आणि आकार जुळले, आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर करून सासूबाईंच्या कपाटात ठेवली. व्हॉट्सॲपचा गटही ध्वनिसंदेशांसह नव्या फोनवर उघडतो, आणि कोणी पाठवले ते प्रत्येक संदेशावर दिसते आहे. सिम हलवल्यावर यूपीआय जुन्याच पिनने सुरू झाले. एकच अडचण राहिली: नव्या फोनच्या रेकॉर्डरमध्ये जुनी मुद्रणे दिसतच नाहीत आणि संगीताच्या ॲपमध्ये दिसतात ती सगळी आजच्याच तारखेची.

प्रतिसाद: खाडीपल्याड

रेकॉर्डर साधारणपणे आपण स्वतः केलेली मुद्रणेच दाखवतो, त्यामुळे फाइली म्युझिक फोल्डरमध्ये एक वेगळे फोल्डर करून ठेवा आणि संगीताच्या ॲपमधूनच लावा. पाठवताना फाईलची तारीख बदलते, आतील आवाजाला काही होत नाही. तारखेऐवजी नावाने क्रम लावला की अभंग अकारविल्हे दिसतील, आणि शिकवताना सासूबाईंना तेच सोयीचे पडेल. कोणत्या वर्षीचे मुद्रण कोणते, हे हवे असेल तर जुन्या फोनमधील यादी तारखेनुसार लावून तिचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, कारण ती माहिती आता तिथेच शिल्लक आहे. जुना फोन कोणाला देणार असाल तर आधी सेटिंग्जमधून गूगल खाते काढा आणि नंतर रिसेट करा. खाते तसेच राहिले तर घेणाऱ्याला तो फोन सासूबाईंच्या पासवर्डशिवाय उघडता न येण्याची शक्यता असते.