ग्रीन टी कडूजहर झाला, माझं काय चुकलं?

निफाडची माई:
वय 61, दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.4 आणि साखर काठावर. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, वर "चहा कमी करा" म्हणाले. सुनेने लगेच ग्रीन टीचा डबा आणला, सुट्या पत्तीचा. मी नेहमीसारखं आधण ठेवलं, दोन चमचे पत्ती टाकली आणि रंग उतरायची वाट बघत बसले. रंग काही उतरेना, म्हणून अजून पाच मिनिटं उकळला. कडुनिंबाचा काढा त्यापुढे सरबत वाटावा! मग दूध घातलं (हसू नका), तर शेवाळाच्या रंगाचं काहीतरी झालं. उपाशीपोटी प्यायल्यामुळे मळमळलं ते वेगळंच.

लोक हे खरंच आवडीने पितात का? आणि आमची आजी अंगणातली पात घालून 'हिरवा चहा' करायची, तो हाच का? डबा साडेतीनशेचा आहे, टाकवत नाही.

पत्तीवाला:
माई, तुम्ही पत्ती शिजवलीत. पुण्यात सुटा चहा विकायला बसून मला बावीस वर्षं झाली, आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हीच तक्रार घेऊन येतं.

झाड एकच असतं. पान खुडून, चुरगळून हवेवर ठेवलं की कापलेल्या वांग्यासारखं काळवंडतं, तो काळा चहा. ग्रीन टीचं पान खुडल्यावर लवकरच वाफेवर नाहीतर कढईत तापवतात, म्हणून ते हिरवं राहतं. अर्धवट काळवंडू दिलं की ऊलाँग. आपली रोजची दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी, रोलरमध्ये चिरडून-फाडून गोळी वळवलेली. हे यंत्र आसामात 1930च्या दशकात आलं. ती पत्ती दुधाशी झुंजायलाच केलेली, खुशाल उकळा. ग्रीन टीला ती वागणूक चालत नाही.

आता कृती. पातेल्याच्या बुडाशी मोहरीएवढे बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद. आधण येऊ द्यायचं नाही. 70 ते 80 अंश पुरे. आधण आलंच तर पाणी एकदा स्टीलच्या थंड भांड्यात ओता, तेवढ्याने उतरतं. कपाला एक सपाट चमचा पत्ती, वर पाणी, झाकण, दोन मिनिटं, गाळा. रंग फिकट पोपटी-पिवळाच येणार, त्याच्या मागे लागू नका. गाळलेली पत्ती टाकू नका, दुसऱ्यांदाही चालते. माझ्या मते दुसरा कपच जास्त गोड लागतो.

दार्जिलिंगचंही तसंच. मार्च-एप्रिलमधला पहिला तोडा एकाने नेला आणि "रंगच नाही" म्हणून परत आणला. दूध घालून उकळला होता. मी परत घेतला नाही.

दोन लेकरांची आई:
माई, डबा संपवा, पण लोहासाठी त्याचा उपयोग नाही. काळा असो की हिरवा, चहातल्या टॅनिनसारख्या तुरट द्रव्यांमुळे डाळी-भाज्यांतलं लोह अंगी कमी लागतं. गोळीचंही तेच. दुसऱ्या बाळंतपणानंतर मी तीन महिने रोज सकाळी चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली. हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" मला इतकी लाज वाटली!

आता गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते, आणि चहा जेवणाच्या व गोळीच्या आधी-नंतर निदान तासभर लांब. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना वेळा विचारून घ्या. आणि ग्रीन टी उपाशीपोटी नको, बऱ्याच जणांना त्याने मळमळतं.

परसातली पात:
आजीचा हिरवा चहा म्हणजे गवती चहा, आमच्या कोकणात पातीचा चहा. त्याचा आणि ग्रीन टीचा काही संबंध नाही. ते गवत आहे, त्यात कॅफीन नसतं, म्हणून रात्री प्यायला तरी झोप उडत नाही. तीन-चार पाती धुऊन जुडीला गाठ मारायची (कडा धारदार असतात, बोट चिरतं), पाण्यात पाच-सात मिनिटं उकळायची. हा मात्र मनसोक्त उकळा. ताप आला की आजी घाम काढायला हाच द्यायची. ताप त्याने उतरायचा की तिसऱ्या दिवशी उतरणारच होता, देव जाणे.

पत्तीवाला:
एक राहिलं. ग्रीन टीने वजन झरझर उतरतं असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. तुमच्या पाच कपांत दहा चमचे साखर जाते, ती बंद झाली तर फरक पडेल, मग पत्ती कुठलीही असो. मी दुकानदार असून सांगतोय. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

निफाडची माई:
आठवडा झाला. मोहरीच्या बुडबुड्यांची खूण बरोबर जमली, दादा! नाश्त्यानंतर दीड तासाने ग्रीन टी घेते, चव उकडलेल्या मक्याच्या पाण्यासारखी लागते, पण कडू नाही. संध्याकाळी पातीचा, बिनसाखरेचा. गोळी रात्री, लिंबूपाण्याबरोबर. दुपारी तीनला मात्र आल्याचा दुधाचाच, अर्धा चमचा साखर घालून, त्यावर कोणी बोलायचं नाही. काल तो नासला, दूध तर ताजं होतं.

परसातली पात:
आलं दुधात टाकलं असणार. ठेचून आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, मग पत्ती, दूध शेवटी. कच्च्या आल्याने दूध फाटतं.

निफाडची माई:
दुधातच टाकलं होतं.