आईवेगळी दोन पिल्लं घरी आली आहेत, काय काय सांभाळायचं?

उंबरठा

नमस्कार. आमच्या घरी पहिल्यांदाच मांजर आलंय, तेही एकदम दोन पिल्लं. जिन्याखाली एक भाटी व्यायली होती. ती गाडीखाली सापडली. पिल्लं रात्रभर ओरडत राहिली, म्हणून सकाळी खोक्यात घालून वर आणली. एक राखाडी पट्ट्यांचं आहे, एक काळं-पांढरं. डोळे उघडलेत, निळसर आहेत. चालतात, पण मागचे पाय अजून लटपटतात.

राखाडी धीट आहे, दिसेल त्याच्या मांडीवर चढतं. काळं-पांढरं कपाटामागे जाऊन बसलंय, हात नेला की फिस्कारतं. राखाडीला कालपासून पातळ शी होतेय. दोघांच्या अंगावर पिसवा दिसतात, त्यामुळे मुलगी आंघोळ घालायच्या मागे लागली आहे. सासूबाई म्हणतात, गाईचं दूध पाणी घालून द्या, दुसरं काही लागत नाही. काल तेच दिलं.

खायला काय आणि किती वेळा द्यायचं? शी-शूची सवय कशी लावायची? आणि ते काळं-पांढरं माणसाळेल ना? त्याची मला जास्त काळजी वाटते.

सायंतारा

आमच्याकडेही पिल्लांना पातळ केलेलं दूधच दिलं होतं आणि ती जगली. फार टेन्शन घेऊ नका. ऊब मात्र द्या, ती सगळ्यात महत्त्वाची.

खिडकीतली मनी

उंबरठाताई, आईवेगळी पिल्लं मी बरीच वर्षं सांभाळते. लहान बाटलीवरची, जरा मोठी, सगळ्या वयाची. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी वय ठरवा, कारण खाणं, ऊब, औषध सगळं वयावर ठरतं. डोळे निळे, चाल लटपटती, म्हणजे चार आठवड्यांच्या आसपास असावीत. खात्री दातांवरून होते. ओठ अलगद वर करून बघा. पुढचे बारीक दात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतात, सुळे तिसऱ्या-चौथ्यात, आणि बाजूच्या दाढा चौथ्यापासून सहाव्यापर्यंत. सुळे आहेत पण दाढा नाहीत, तर माझा अंदाज बरोबर.

दुसरं काम आजच करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर एक वाडगं ठेवा आणि दोघांचं वजन करून वहीत लिहा. मग रोज सकाळी, त्याच वेळी, खाण्याआधी. पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि पहिले दोन महिने आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमने वाढतं, म्हणजे रोज १० ते १५ ग्रॅम. मी एवढा आग्रह धरते त्याला कारण आहे. मांजराची जात दुखणं लपवणारी. पिल्लू खेळताना दिसतं, अंगावर फर फुगलेली असते, आपल्याला वाटतं छान चाललंय, आणि काटा मात्र आदल्या दिवसापासून खाली सरकत असतो. वजन एक दिवस जागच्या जागी राहिलं तर डोळ्यांत तेल घालून बघा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता दूध. सायंतारा, काही पिल्लं तगतात हे खरं आहे, पण या बाबतीत मी तुमच्याशी आणि सासूबाईंशीही सहमत नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं आणि चरबी गाईच्या दुधापेक्षा पुष्कळ जास्त असते. गाईच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पिल्लांना पचत नाही आणि जुलाब होतात. पाणी घातलं की ती साखर पातळ होते खरी, पण आधीच कमी असलेली प्रथिनंही पातळ होतात. पोट भरतं, पिल्लू वाढत नाही. राखाडीची पातळ शी त्यामुळेही असू शकेल. ते दूध आजपासून बंद करा. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची वेगळी पावडर मिळते, ती कोमट पाण्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. घट्ट केली तर पोट बिघडतं, पातळ केली तर उपासमार.

चार आठवड्यांचं पिल्लू बाटलीवर ठेवायची गरज सहसा नसते. त्या दुधात पिल्लांचं ओलं खाद्य मिसळून चाटणासारखं करा आणि पसरट ताटलीत ठेवा. बोटाला लावून ओठांशी नेलं की चव कळते. सुरुवातीला ते त्यात पाय घालून उभं राहील, अंगभर माखून घेईल. माखू द्या, नंतर कोमट ओल्या फडक्याने पुसा. दिवसातून चार-पाच वेळा द्या, हळूहळू दूध कमी आणि खाद्य जास्त. आठ आठवड्यांपर्यंत पूर्ण खाद्यावर येतात. उथळ वाडग्यात पाणी आत्तापासूनच ठेवा. एखादं अजिबात चाटत नसेल आणि बाटली द्यावीच लागली, तर पिल्लू पोटावर हवं, आईला पितं तसं. तान्ह्या मुलासारखं उताणं धरून कधीही पाजू नका. दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. सिरिंजने तोंडात पिचकारी मारल्यानेही तेच होतं.

ऊब सर्वात महत्त्वाची, हे मात्र सायंताराचं अगदी बरोबर. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतःच्या अंगाची उष्णता नीट राखू शकत नाही. गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी असू द्या, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. पिल्लू गार लागत असेल, तोंडात बोट घातल्यावर आतूनही गार वाटत असेल, तर आधी ते सावकाश गरम करा आणि मगच खायला द्या. अंग गार असताना पचनच थांबलेलं असतं, पोटात गेलेलं अन्न तसंच पडून राहतं. मायेपोटी पाजलेलं दूधच तिथे घात करतं.

शी-शू या वयात फार अवघड नाही. तीन आठवड्यांपर्यंत आई चाटून करवते, ती नसेल तर आपल्याला ओल्या कापसाने पुसून करवावं लागतं. तुमची त्यापुढे गेली आहेत. अगदी बुटक्या काठाचा ट्रे घ्या, प्रत्येक खाण्यानंतर त्यांना त्यात नेऊन ठेवा, उकरायला लागतील. ओली झाल्यावर गोळा होणारी वाळू सध्या नको. पिल्लं ती खातात आणि पोटात अडकते. कागदाची किंवा लाकडाच्या भुशाची चालेल.

पातळ शीचा नमुना डबीत घेऊन डॉक्टरांकडे जा. आईच्या दुधातून गोलकृमी पिल्लांत येतात, आणि बाहेर जन्मलेल्या पिल्लांत जंत आहेतच असं मी धरून चालते. पोट ढमाल्यासारखं आणि पाठीचा कणा हाताला लागतो, हे त्याचंच लक्षण. जंताचं औषध वजनावर ठरतं, तिथेही काटा उपयोगी पडेल. शीत रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा पिल्लू मलूल पडलं तर थांबू नका. एवढ्याशा जिवाला अर्ध्या दिवसाचा उपासही झेपत नाही.

पिसवा हलक्याने घेऊ नका, त्या रक्त पितात. हिरड्या बघा. गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर आजच दाखवा. कुत्र्यांचं पिसवांचं औषध चुकूनही लावू नका. त्यात बरेचदा पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजर त्याने तडफडून मरतं. मांजरांची बरीच औषधंही आठ आठवड्यांच्या आत चालत नाहीत. बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मुलीला सांगा, एकदा आंघोळ घालायला हरकत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, डोकं कोरडं, काम झटपट, आणि लगेच टॉवेलने पूर्ण कोरडं करून उबेत ठेवायचं.

काळ्या-पांढऱ्याबद्दल वेगळं लिहिते. आधी वजनं कळवा.

उंबरठा

किती आभार मानू! राखाडी ४३० ग्रॅम, काळं-पांढरं ३६०. सुळे आहेत, दाढा नाहीत. डॉक्टरांनी नमुन्यात गोलकृमीची अंडी दाखवली, दोघांना औषध दिलं, पुन्हा दोन आठवड्यांनी बोलावलंय. सासूबाईंनी तुमचा प्रतिसाद पूर्ण वाचून घेतला आणि चाटण आता त्याच कालवतात.

दोन गोष्टी राहिल्या. माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, ती आठवडाभर राहायला येणार आहे. मांजर असलेल्या घरी यावं का, असं विचारत होती. आणि लसी कधी?

पांढरा कोट

मी पशुवैद्यक आहे. बहिणींनी जरूर यावं. भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची असते. तो मांजराच्या शीतून बाहेर पडतो, पण पडल्याबरोबर संसर्ग करू शकत नाही, त्याला निदान एक दिवस लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करा, आणि तो बहिणींनी करायचा नाही. त्यांनी हात धुवावेत, मांस पूर्ण शिजवलेलंच खावं. या परजीवीचा धोका अर्धकच्च्या मांसातूनही असतो, त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही.

लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते. तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या विषाणूंसाठी, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. इतक्या वेळा कशाला, असं सगळेच विचारतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती कोणत्या पिल्लात कधी संपतात हे बाहेरून कळत नाही. शेवटचा डोस म्हणूनच चुकवू नका. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. लसी पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या मांजरांत मिसळू देऊ नका, बाहेरच्या चपला त्यांच्या खोलीत नकोत. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू जागेवर वर्षभर टिकू शकतो.

नसबंदीचा विचार चौथ्या-पाचव्या महिन्यात करा. भाटी असेल तर चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि गर्भारपण जेमतेम दोन महिन्यांचं. भाऊ-बहीण असले तरी फरक पडत नाही.

घरात पॅरासिटामोल उघडी ठेवू नका. एक गोळीही मांजराचा जीव घेते. ताप वाटला म्हणून माणसांचं औषध द्यायचं नाही. लिलीची फुलं घरात आणू नका, अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. फिनाइलने पुसलेल्या फरशीवर फिरू देऊ नका, पाय चाटताना ते पोटात जातं. दोरा, लोकर, रबरबँड उचलून ठेवा. शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

पुढे मोठी झाल्यावर कुत्र्याचं खाणं देऊ नका. मांजराला टॉरिन हे द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय दुबळं होतं. हृदयाचा संबंध १९८७ साली सिद्ध झाला आणि त्यानंतर मांजरांच्या खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं.

आणि फिस्कारणाऱ्या पिल्लाने चावलं किंवा नखाने रक्त काढलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. बाहेरचं पिल्लू आहे, रेबीजच्या लशीबद्दल ते सांगतील.

खिडकीतली मनी

उंबरठाताई, काळ्या-पांढऱ्याकडे वळू या. फिस्कारणं म्हणजे राग नाही, भीती आहे. दोन ते सात आठवडे या काळात पिल्लू जग कसं आहे ते ठरवतं, आणि तुमच्या हातात त्यातले निम्मे दिवस आहेत. म्हणून वाट बघत बसायचं नाही आणि ओढून काढायचंही नाही.

कपाटामागची जागा बंद करा. सगळं घर मोकळं असलं की भित्रं पिल्लू आणखी लपतं. छोट्या खोलीत आडवं खोकं ठेवा, तोंडावर अर्धा पडदा. तिथे त्याला लपता येईल आणि तुमचा हातही पोचेल. दोघांना एकत्रच ठेवा. धीटाला मांडीवर बसलेलं बघून भित्रं शिकतं. तुम्ही जमिनीवर बसा, उभ्या माणसाची उंची त्याला सहन होत नाही. डोळ्यांत रोखून बघू नका, पापण्या सावकाश मिटा, हळू आवाजात काहीही बोला. ताटली तुमच्या पायाशी, दुसऱ्या दिवशी गुडघ्याशी, मग चमच्यावर चाटण. चमच्यावर खाताना दुसऱ्या हाताचं एक बोट गालाशी. वरून डोक्यावर हात आणायचा नाही, वरून येतो तो शिकारी. गाल, हनुवटी, मग कान. चमचा सोडून गेलं तर आदल्या पायरीवर परत या.

मुलीला एक नक्की सांगा, बोटं हलवून खेळवायचं नाही. आज गंमत वाटते, चार महिन्यांनी तेच दात खोल रुततात. काठीला बांधलेलं पीस किंवा कापडाचा तुकडा घ्या, आणि खेळ संपला की दोरी कपाटात.

मला खरी काळजी त्याच्या ३६० ची आहे. चार आठवड्यांना ते फार कमी नाही, पण भाऊ ७० ग्रॅमने पुढे आहे. धीट पिल्लू आधी ताटलीशी पोचतं, भित्रं उरलेलं खातं, आणि ही तफावत वाढत जाते. आजपासून दोन ताटल्या, त्याची खोक्याच्या आत, राखाडी तिथे पोचणार नाही अशी. उद्या सकाळचं वजन इथे लिहा. ३७० च्या खाली असेल तर मी तुम्हाला रात्रीचं एक खाणं वाढवायला सांगणार आहे, आणि ३६० च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, मग मला लिहा.