चिंध्यांचा हत्ती: पाय फाकतात, सोंड सुलटत नाही

रीळ_आणि_बॉबिन

ब्लाउजपीस आणि सुती कुर्त्यांच्या कातरणीतून सोंडेपासून शेपटीपर्यंत 20 सेंमी लांबीचा, चार पायांवर उभा राहणारा हत्ती शिवते आहे. बाजूचे दोन तुकडे, आतल्या पायांसह पोटाचे दोन, कपाळाची एक पट्टी, चार कान, चार तळवे असा कागदी नमुना आहे. सगळीकडे माया (टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड) 6 मिमी. तीन अडचणी आहेत:

1. भरल्यावर पाय बाहेर फाकतात आणि हत्ती पोटावर बसतो.
2. सोंड सुलटताना टोक आतच अडकतं. जोर लावला की टीप उसवते.
3. दोन पायांच्या मधल्या कोपऱ्यात कापड फाटतं.

शिवाय आत फायबरऐवजी उरलेल्या चिंध्याच भरल्या तर चालतील का? साधं घरगुती मशीन आहे, टाक्याची लांबी 3 वर ठेवलेली.

टीपमास्तर

ताई, पाय फाकण्याचं कारण बहुतेक वेळा नमुन्यात असतं. पोटाचे दोन्ही तुकडे मधल्या शिवणीवर सरळ रेषेत कापले असणार. मग पोटाला गरजेपेक्षा जास्त रुंदी मिळते, भरताना ते खाली फुगतं आणि पायांना बाहेर ढकलतं. भरणं कमी करून हे सुटत नाही, हत्ती फक्त मरगळलेला दिसतो.

पोटाच्या तुकड्याची वरची कड, म्हणजे जिथे दोन तुकडे एकमेकांना जोडले जातात ती, खाली वळवा. छातीच्या आणि शेपटीच्या टोकाला शून्य, पुढच्या पायाच्या वर पोचेपर्यंत 1 सेंमी खाली, तिथून मागच्या पायापर्यंत तेवढीच ठेवून पुन्हा शून्यावर न्या. दोन्ही तुकड्यांचे मिळून 2 सेंमी कापड कमी होतं आणि आतले पाय एकमेकांकडे ओढले जातात. बाह्यरेषेला हात लावू नका, ती बाजूच्या तुकड्याशी तंतोतंत जुळायला हवी. सुलटायची फट याच शिवणीत, मधल्या सरळ भागात 6 ते 7 सेंमी ठेवा आणि फटीच्या दोन्ही टोकांना मागेपुढे टीप मारून पक्कं करा. पायाच्या वळणावर फट ठेवली तर नंतर हाताने बंद करताना तिथे हमखास चुणी पडते.

तळव्यांचा हिशोबही तपासा. पायाची तयार रुंदी 5 सेंमी असेल तर आतला आणि बाहेरचा तुकडा मिळून घेर 10 सेंमी. 10 भागिले 3.14 म्हणजे 3.2 सेंमी व्यास, त्यात दोन्हीकडची माया मिळवून तळवा 4.4 सेंमी व्यासाचा कापा. अंदाजाने वाटी ठेवून आखलेला तळवा मोठा होतो, खालून फुगतो आणि प्राणी डुलतो. तळव्याच्या उलट बाजूला फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावा. तळवा मशीनवर बसवण्याआधी चार ठिकाणी खुणा करून कच्चा टाका घाला. एवढ्या लहान गोलाला टाचण्या पुरत नाहीत, कापड सरकतंच.

कापड बेतताना पाय आणि सोंड दोन्ही उभ्या धाग्यात घ्या. चिंधीत बसत नाही म्हणून एक पाय तिरपा बेतला की तोच पाय भरल्यावर ताणून लांब आणि जाड होतो, मग चार पायांवर तोल कसा राहणार? काठ गेलेल्या तुकड्यात उभा धागा ओळखायचा तर दोन्ही दिशांनी ओढून बघा. कमी ताणतो तो बहुधा उभा.

टाका 3 वरून 2 वर आणा, वळणांवर 1.5. सुई 14 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा भरताना तटकन तुटतो.

गोधडीची_घडी

वरचं सगळं बरोबर, पण कोपरा फाटण्याबद्दल राहिलं. दोन पायांमधली जागा इंग्रजी व्हीसारखी टोकदार असेल तर सगळा ताण एका बिंदूवर येतो. नमुन्यातच ती यूसारखी गोल करा, निदान एका रुपयाच्या नाण्याच्या गोलाईइतकी. शिवताना तिथे मांजरपाटाची 2 सेंमी रुंद पट्टी खाली धरून तिच्यासकट टीप मारा, मग पहिल्या टिपेच्या बाहेर, मायेत, 1 मिमीवर दुसरी. काप त्यानंतरच द्यायचे. आत वळणाऱ्या कडेला सरळ काप, टिपेच्या 2 मिमी अलीकडे थांबून. पाठ आणि डोक्यासारख्या बाहेर वळणाऱ्या कडेला त्रिकोणी खाचा, नाहीतर जास्तीचं कापड आत गोळा होऊन बाहेरून गाठी दिसतात.

खण किंवा रेशमी ब्लाउजपीस असेल तर 6 मिमी माया अपुरी आहे. त्याचे धागे कापाशी लगेच सुटतात. आधी मागून पातळ फ्यूजिंग चिकटवा आणि माया 1 सेंमी घ्या. जरीवर इस्त्री थेट फिरवू नका, वर सुती फडकं ठेवा.

जुन्या सुती साडीचा तुकडा वापरण्याआधी दोन अंगठ्यांमध्ये धरून झटका द्या. चर्र आवाज आला तर ते कापड कानाच्या आतल्या बाजूलाच लावा. लाल आणि गडद निळे तुकडे ओले करून पांढऱ्या कापडावर दाबून बघा. रंग लागला तर ते खेळण्यात नकोतच, लहान मूल ते तोंडात घालणार.

रीळ_आणि_बॉबिन

पोटाची रेषा कळली, नमुना दुरुस्त करते. सोंडेचं टोक तयार झाल्यावर 1.5 सेंमी रुंद आहे. आणि चिंध्या भरण्याचं काय?

कातरण

दीड सेंमीच्या नळीत दोन्ही बाजूंची 6 मिमी माया कोंबली की सुलटायला जागाच उरत नाही. टोक 2.5 सेंमी करा, मुळाशी 4. शिवून झाल्यावर फक्त सोंडेची माया 3 मिमीपर्यंत छाटा आणि टोकाला मायेचे कोपरे उडवा. मग जाड स्ट्रॉ सोंडेच्या आत टोकापर्यंत घाला आणि बाहेरून बोथट काडीने टोक त्या स्ट्रॉमध्ये ढकलत न्या. विणकामाची जाड सुई चालते. कात्रीच्या टोकाने ढकलणारे बरेच जण असतात, आणि सोंडेला भोक पडण्याचं तेच मुख्य कारण आहे. सोंड सुलटवायची ती अंग सुलटण्याआधी नाही, अंगासोबत शेवटी; पण भरायची मात्र सगळ्यांत आधी, हरभऱ्याएवढे गोळे एकेक करून.

भरण्याचा क्रम: सोंड, चारही पाय, डोकं, मग पोट. पाय बोटाने दाबल्यावर न दबण्याइतके घट्ट हवेत, आणि पाय जिथे पोटाला मिळतो तिथे सर्वांत घट्ट. तिथे पोकळी राहिली की नमुना कितीही बरोबर असला तरी पाय मुडपतो. या मापाच्या हत्तीला साधारण 100 ग्रॅम रेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टरचं फायबर, लागतं.

चिंध्या भरता येतात, पण 1 सेंमीपेक्षा मोठे तुकडे नकोत आणि शिवणीच्या जाड कडा अजिबात नकोत, बाहेरून गाठी लागतात. वजन फायबरच्या कितीतरी पट होतं. म्हणून पोटाच्या गाभ्यातच चिंध्या घाला आणि भोवती निदान 2 सेंमी फायबर ठेवा. पाय, सोंड, डोकं निव्वळ फायबरचं. खरी अडचण धुण्याची. चिंध्यांचा गाभा पावसाळ्यात आतून वाळत नाही, कुबट वास येतो, बुरशी धरते. रोज हाताळलं जाणारं आणि वरचेवर धुवावं लागणारं खेळणं असेल तर नाहीच. जुन्या उशीचा कापूस पिंजून घेतला तरी धुतल्यावर गोळे होतात.

टीपमास्तर

सोंडेच्या क्रमात कातरण यांच्याशी असहमत. अंगाच्या वळणांना काप देण्याआधीच, मोकळ्या हाताने सोंड सुलटून बघावी आणि पुन्हा उलटी करावी. टीप कुठे कमकुवत आहे ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्ती मशीनवर होते.

गोधडीची_घडी

डोळ्यांबद्दल कोणी बोललं नाही. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण, मणी, टिकली काहीही नको, भरतकामानेच काढा. वॉशरवाले प्लॅस्टिकचे डोळेही विरळ विणीच्या सुती कापडातून निघून येतात. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत 31.7 मिमी व्यासाची नळी वापरतात. सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. शर्टाचं बटण त्यात आरामात मावतं. आणि फट बंद करण्याआधी टाचण्या मोजा, मग तयार हत्तीवरून लोहचुंबक फिरवा.

कातरण

विकायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे, तेव्हा आधी ते कारागीर ओळखपत्र काढा. भेट म्हणून द्यायला ही भानगड नाही.

पहिल्यांदा सरावाला 10 सेंमीचा हत्ती टाचणीगादी म्हणून करायला हरकत नाही. जर्मनीत खेळणी करणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांनी 1880 मध्ये केलेले फेल्टचे (न विणता दाबून केलेल्या कापडाचे) छोटे हत्ती टाचणीगाद्याच होते. पण फेल्टचे धागे सुटत नाहीत, म्हणून ते बाहेरून शिवता येतं आणि सोंड सुलटावीच लागत नाही. फेल्टची कातरण असेल तर सोंडेचा नमुना तपासायला तीच घ्या, सुती कापडाला नंतर हात लावा.