लुका डॉनचिचचा प्लेऑफमधला डिफेन्स: दोष त्याचा किती, संघाचा किती? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी बास्केटबॉल खेळलेले नाही, कॉलेजात कबड्डी खेळले, डावा कोपरा सांभाळायचे. माझी लेक १३ वर्षांची आहे. इथे नागपुरात शाळेच्या संघात गार्ड खेळते आणि लुका डॉनचिच म्हणजे तिचा जीव की प्राण. २०२४ ची एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल, लुकाचं तेव्हाचं डलास विरुद्ध बोस्टन, आम्ही दोघींनी सकाळी सहाला टीव्हीसमोर बसून पाहिली, पाचही सामने.

माझा धाकटा भाऊ बोस्टनला असतो, म्हणजे तिथल्या सेल्टिक्स संघाचा चाहता. त्याचं म्हणणं, लुका म्हणजे डलासच्या डिफेन्समधलं भगदाड होतं आणि बोस्टनने त्यातूनच ४-१ अशी फायनल काढली. लेकीचं म्हणणं, त्या हंगामात सामन्यामागे ३३.९ गुण काढून जो लीगमध्ये पहिला आला, त्याच्याकडून आणखी किती मागायचं? मामा-भाचीचा हा वाद फोनवर वर्षभर चालू आहे आणि मी मजेने ऐकत असते.

पण मागच्या महिन्यात एका सामन्यात समोरची मुलगी हिला चुकवून आत गेली आणि ही जागेवरच उभी राहिली. सरांनी तिला बाहेर बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "लुका तरी कुठे मागे पळतो?" यावर काय बोलावं मला सुचलं नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतो तिसरा सामना. डलास २१ गुणांनी मागे होतं, तिथून अंतर अगदी आवाक्यात आणलं. आणि ऐन वेळी, चार मिनिटं बारा सेकंद बाकी असताना लुकाचा सहावा फाउल, म्हणजे तो सामन्यातून बाहेर. त्याचे चार फाउल तर चौथ्या क्वार्टरमध्येच झाले होते. बोस्टनचा जेलन ब्राऊन वेगाने अंगावर आला, लुका त्याच्या वाटेत आडवा झाला, शिट्टी वाजली. डलासने दाद मागितली, ती फेटाळली गेली. सामना ९९-१०६ असा गेला. लेक त्या दिवशी न जेवता शाळेत गेली.

आता माझी अडचण सांगते. कबड्डीत चढाईवाला कच्चा कोपरा हेरून तिकडेच जातो, हे मी स्वतः सोसलेलं आहे. पण कोपरा सुटला तर कव्हरवाल्याने धावून यायचं असतं. तो आला नाही तर दोष एकट्या कोपऱ्याचा कसा? बास्केटबॉलमध्ये हा हिशेब कसा मांडतात? लुका चुकला आणि संघ चुकला, हे टीव्हीवर बघताना वेगळं कसं ओळखायचं? आकडेवारीपेक्षा डोळ्यांनी काय बघायचं ते सांगा, म्हणजे लेकीला शेजारी बसवून दाखवता येईल.

प्रतिसाद १

ताई, कव्हरची उपमा अगदी बरोबर आहे, तीच धरून ठेवा.

डिफेन्सचा जो 'रेटिंग' नावाचा आकडा लोक एकमेकांच्या तोंडावर फेकतात, तो खेळाडू मैदानात असताना पाच जणांनी मिळून किती गुण दिले त्याचा असतो. एकट्याचं प्रगतिपुस्तक म्हणून तो वाचू नये. स्टीलचंही (समोरच्याचा बॉल हिसकावण्याचं) तसंच. लुकाला स्टील बऱ्या मिळतात, कारण पास कुठे जाणार हे त्याला लवकर कळतं. पण पास हेरणं आणि समोरच्याला अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

बघायचं ते हे: समोरचा त्याला चुकवून गेला की पुढच्या दोन सेकंदांत लुका काय करतो? मागून पळत जाऊन निदान त्याच्या शॉटला अडथळा आणतो, की दोन्ही हात पसरून रेफरीकडे बघतो? चुकवलं जाणं हे पायांवर आहे, आणि त्याचे पाय आडव्या हालचालीत मंद आहेत, हे मान्य करावं लागेल. त्यानंतर थांबणं मात्र पूर्णपणे त्याचंच. स्वतःचा शॉट हुकला, फाउल मिळाला नाही, की तो हुज्जत घालत मागे राहतो आणि तेवढा वेळ डलास चौघांत खेळायचं. तिथे कव्हरवाल्यावर खापर फोडता येत नाही.

त्याची जमेची बाजूही लेकीला दाखवा. अंगाने दणकट आहे, पाठ लावून कोणी रेटलं तर सहज हलत नाही, आणि डिफेन्सचे रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेण्यात गार्डमध्ये त्याच्या तोडीचे फार थोडे.

प्रतिसाद २

मी बोस्टनच्या बाजूचा आहे, तरी तुमच्या भावाचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

बोस्टनचा प्रशिक्षक जो मझुला याच्या संघात पाचही जण बाहेरून तीन गुणांचा शॉट मारू शकत होते. पोर्झिंगिस आणि हॉरफर्ड हे सेंटरसुद्धा. त्यामुळे डलासचे लाइव्हली आणि गॅफर्ड, ज्यांचं काम रिंगखाली उभं राहून कव्हर देणं, त्यांना बाहेर यावं लागलं. आधीच्या फेरीत मिनेसोटाचा सेंटर गोबेअर बाहेरून मारत नाही, म्हणून डलासचा सेंटर रिंगजवळ थांबू शकायचा आणि लुकाची चूक झाकली जायची. लुका तोच, पाय तेच, फक्त पाठीमागचा माणूस हलला.

दुसरं म्हणजे बोस्टन त्याला मुद्दाम ओढून आणायचं. लुका ज्याला धरून आहे, त्यालाच स्क्रीन लावायला (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहायला) पाठवायचं, म्हणजे स्विच (डिफेंडरांची अदलाबदल) होऊन लुका टेटम किंवा ब्राऊनसमोर येतो. प्रत्येक वेळी स्विच करायचा की क्षणभर पुढे येऊन आपल्या माणसाकडे परतायचं, हे प्रशिक्षक ठरवतात. ताई, रिप्ले बघताना आधी स्क्रीन कोणी लावली ते बघा, मग लुकाकडे.

प्रतिसाद ३

दुखापतीचं कोणीच बोललं नाही. फायनलच्या वेळी त्याचा गुडघा आणि छाती दोन्ही दुखावलेली होती, इंजेक्शन घेऊन खेळत होता. मी त्याला सूट देत नाहीये, पण हिशेबात हे धरायलाच हवं.

आणि मनावर घेतलं तर तो करतो, याचा पुरावा २०२२ चा आहे. फीनिक्सने पहिले दोन सामने जिंकले, लुकाला शोधून शोधून मारलं. डलासचा तेव्हाचा प्रशिक्षक जेसन किडने उघडपणे सांगितलं की लुकाने डिफेन्समध्ये भाग घ्यायला हवा. पुढे डलासने ती मालिका ४-३ ने काढली आणि सातवा सामना फीनिक्समध्ये जाऊन १२३-९० ने जिंकला.

गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीचं उदाहरण द्या लेकीला. त्यालाही क्लीव्हलंडने आणि नंतर ह्यूस्टनने असंच ओढून आणलं. त्याने अंगात ताकद आणली, आणि पाठीशी कव्हर द्यायला ड्रेमंड ग्रीन होताच. २०२२ मध्ये याच बोस्टनविरुद्ध फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला.

डलासने फेब्रुवारी २०२५ मध्ये लुकाला लेकर्सकडे दिलं आणि रिंगखाली कव्हर देणाऱ्या अँथनी डेव्हिसला घेतलं, तेव्हा त्यांचे जनरल मॅनेजर म्हणाले की डिफेन्स जेतेपदं मिळवून देतो. मग लुकाच्या पाठीमागे लेकर्सकडे कोण उरलं? डेव्हिस तर त्याच्याच बदल्यात गेला. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये लेकर्सच्या मिनेसोटाविरुद्धच्या पाचव्या सामन्यात गोबेअरने २७ गुण आणि २४ रिबाउंड घेतले. तो दोष लुकाच्या पायांचा नव्हता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघींनी तिसऱ्या सामन्याचा चौथा क्वार्टर पुन्हा लावला. वहीत तीन रकाने केले: लुका चुकला, कव्हर आलं नाही, समोरचाच भारी. प्रत्येक वेळी थांबवून आधी तिने ठरवायचं, मग मी. स्क्रीन कोणी लावली हे तिला माझ्याआधी दिसायला लागलं. मी ज्याला लुकाची चूक म्हणाले, तिथे ती दोनदा म्हणाली, "आई, मागे बघ, मदतीला कोणी आलंच नाही." पण एका जागी तिने स्वतःच रिमोट दाबला, लुका हात पसरून उभा होता तिथे. काही न बोलता पहिल्या रकान्यात खूण केली.

आता एकच विचारते. कव्हर कसं द्यावं, हे दाखवायला कुठला सामना लावू?

प्रतिसाद ४

२०२१ ची फायनल, मिलवॉकी विरुद्ध फीनिक्स, पाचवा सामना, शेवटचं मिनिट. फीनिक्सचा बुकर आत घुसून वळतो आणि मिलवॉकीचा जरू हॉलिडे त्याच्या हातातून बॉल काढून घेतो. सगळे पुढचा यानिसचा डंक (उडी मारून बॉल रिंगमध्ये घालणं) बघतात. तुम्ही थोडं मागे घ्या. बुकरला मिलवॉकीच्या टकरने धरलं होतं, हॉलिडेने नव्हे. हॉलिडे कुठून आला, तेवढं तिला शोधू द्या.